समोरचं ताट

जुळे सोलापुरातल्या बार्शीकरांच्या घरी इंद्रायणीच्या जबड्याबद्दल कुणी ब्र काढत नसे. हा चांगुलपणा होता असं मात्र समजू नका. तो विषय काढला असता तर तिच्या लहानपणी काय करायचं राहिलं, आणि कुणामुळे राहिलं, हेही काढावं लागलं असतं. ते कुणालाच नको होतं.

गोष्ट तशी साधी होती. वरच्या दाढा खालच्या दाढांच्या जराशा बाहेर बसाव्यात, तर हिच्या उजवीकडच्या आत बसायच्या. त्यामुळे तोंड मिटताना खालचा जबडा उजवीकडे सरकायचा, आणि वर्षानुवर्षं सरकून शेवटी तिकडचाच होऊन गेला. ती प्राथमिक शाळेत असताना दात तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले होते, आत्ता केलं तर सरळ होईल, मोठेपणी जड जाईल. त्यावर आई म्हणाली, "मुलीच्या तोंडात तारा? उद्या पाहायला येणाऱ्यांच्या कानावर गेलं म्हणजे?" झालं, विषय तिथंच मिटला. पाहायला येणाऱ्यांची काळजी ते यायच्या कितीतरी वर्षं आधी करून ठेवली, आणि ते आले तेव्हा त्यांना जे दिसायचं ते दिसलंच.

वैरागहून आलेल्या मंडळींनी तर कमाल केली. "तूही घे की पोहे आमच्याबरोबर," म्हणाले. इंद्रायणीने दोन घास खाल्ले. आठवड्याने मध्यस्थ निरोप घेऊन आला, मुलगी शिकलेली आहे, वळणाची आहे, पण खाताना समोरच्याला वेडावून दाखवतेय असं वाटतं. हे वाक्य त्या गृहस्थाला गिळता आलं असतं. त्याने ते चहाच्या घोटाबरोबर चवीने सांगितलं, आणि पडद्याआड इंद्रायणी उभी आहे हे त्याला ठाऊक होतं.

तेव्हापासून तिने लोकांसमोर जेवायचं सोडलं. लग्नाला गेली की अक्षता टाकून परत. ज्या शाळेत ती पहिली-दुसरीला शिकवायची तिथं मधल्या सुट्टीत ती खिडकीकडे तोंड करून डबा खायची. घरात तिचं ताट सगळ्यांनंतर. आईवडील गेले, धाकटा भाऊ अवधूत चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या हिशेब खात्यात लागला, त्याचं लग्न होऊन रुद्राणी घरात आली. ताई मागून जेवतात हे रुद्राणीने आल्या आल्या टिपलं. का, ते विचारलं नाही. न विचारण्यात तिचीही सोय होती.

मग श्रावणी झाली. हे पोर चालायला लागलं तसं संध्याकाळी आपली वाटी घेऊन स्वयंपाकघरात यायला लागलं आणि आत्याच्या ताटासमोर फतकल मारून बसायला लागलं. आत्याचं तोंड तिला वेगळं वाटलं नाही. ते आत्याचं तोंड होतं, तिच्या चष्म्यासारखं, तिच्या निळ्या शालीसारखं. पहिल्यांदा इंद्रायणीने पदर आडवा धरला. पोरीने तो ओढून काढला आणि विचारलं, "काय लपवून खातेस?"

पुढे ते रोजचंच झालं. अवधूत आणि रुद्राणी बाहेर टीव्हीसमोर, आणि ह्या दोघी आत फरशीवर, समोरासमोर. गल्लीत घरोघरी भाकऱ्या पुरवणारी गोजाबाई कडक भाकरी आणून द्यायची, पातळ, बोट लावलं की तडकणारी. तिच्याबरोबर शेंगाचटणी आणि दही. कुणाच्या दाताखाली जास्त मोठ्याने मोडते याची पैज लागायची आणि आत्या हटकून हरायची. दिवसभरात इंद्रायणी खरी जेवायची ती तेवढीच, बाकी वेळा नुसतं पोट भरायचं. तिने हे कुणाला सांगितलं नाही, पण तिच्या आयुष्यात त्या अर्ध्या तासाइतकं तिच्या हक्काचं दुसरं काही नव्हतं.

आणि त्याच अर्ध्या तासात एके दिवशी तिच्या हातातला तुकडा ताटात पडला. श्रावणी तेव्हा दुसरीत होती, पुढचे दात नुकते येत होते. घास घेऊन तिने तोंड मिटलं आणि हनुवटी बारीकशी उजवीकडे सरकली.

"परत मिट बघू तोंड," इंद्रायणी म्हणाली.

पोरीने मिटलं. परत सरकली.

त्या रात्री इंद्रायणीने अवधूतला सांगितलं. तो म्हणाला, "दुधाचे दात आहेत गं ताई, पडतील की. आपोआप होईल." रुद्राणी म्हणाली, "तोंडात काहीबाही घातलं तर शाळेत चिडवतील हो तिला." आईचंच वाक्य, फक्त पाहायला येणाऱ्यांच्या जागी शाळा आली. ज्या घरात इंद्रायणीने कधी आवाज चढवला नव्हता तिथं तिने तो चढवला.

"माझ्या वेळीही आपोआपच व्हायचं होतं. बघा की मग माझ्याकडे, काय झालं ते!"

दोघांनी बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उघड, सरळ तिच्या हनुवटीकडे बघितलं, आणि लगेच माना खाली घातल्या. दुसऱ्या दिवशी अवधूतने दातांच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

सात रस्ता चौकाजवळच्या दवाखान्यातले डॉ. आशिष तरुण होते, समजावून सांगणारे होते. ह्याला क्रॉसबाइट म्हणतात, म्हणाले. वरचा जबडा अरुंद राहिलाय, म्हणून खालचा जागा शोधत एका बाजूला सरकतो. टाळूला बसणारी एक प्लेट करू, तिच्या मधोमध बारीक स्क्रू असतो, तो घरी किल्लीने फिरवायचा, की प्लेट हळूहळू रुंदावते. "हाडं कोवळी आहेत तोवर ऐकतात," ते म्हणाले.

"आणि ताईंचं?" रुद्राणीने मध्येच विचारलं. तिला वाटलं आपण फार मायेने विचारतोय.

"आता ऑपरेशनशिवाय नाही," डॉक्टर म्हणाले, आणि अवघडून परत प्लेटकडे वळले.

किल्ली फिरवायची कुणी, इथं घोडं पेंड खायला लागलं. रुद्राणी किल्ली उचलायची आणि परत खाली ठेवायची. अवधूत तर खोलीच्या बाहेर जायचा. म्हणून ते काम इंद्रायणीकडे आलं, बुधवारी आणि शनिवारी. टाळू दुखायची, लाळ गळायची, बोलताना स चा श व्हायचा, आणि किल्ली दिसली की पोर दोन्ही हातांनी तोंड दाबून धरायची. चॉकलेट झालं, गोष्टी झाल्या, दटावून झालं. शेवटी इंद्रायणीने स्वतःजवळ जे होतं ते बाहेर काढलं.

"माझ्याकडे बघ. नीट बघ. असं तोंड हवंय का तुला?"

श्रावणीने नीट बघितलं.

"मग म्हण, मला आत्यासारखं व्हायचं नाही."

"पण मला तुझं तोंड आवडतं."

"आवडून भागत नाही. म्हण."

पोरीने दोन-तीनदा नकाराची मान हलवली. मग रडत रडत म्हणाली. म्हणताना तोंड उघडलं, आणि इंद्रायणीने किल्ली घातली.

शाळेतल्या बाईंची जातच ती. पाढे असोत, कविता असो, घोकून घेतल्याशिवाय पोरांना येत नाही यावर त्यांचा विश्वास. दर बुधवारी, दर शनिवारी ते वाक्य म्हटलं गेलं. पुढे पुढे तर किल्ली दिसली की श्रावणी आपणहून सुरात म्हणायची, मला आत्यासारखं व्हायचं नाही, आणि आ करायची. दर वेळी ते इंद्रायणीला लागायचं, सवयीने कमी झालं नाही. पण स्क्रू फिरत होता. आपल्या थोबाडाचा इतक्या वर्षांनी कुणाला तरी उपयोग होतोय, असं ती स्वतःशीच कडवटपणे म्हणायची आणि किल्ली पुसून ठेवायची.

दिवाळीपर्यंत दात जागेवर आले. अवधूतने पेढे वाटले, जणू किल्ली त्यानेच फिरवली होती. डॉक्टरांनी मात्र श्रावणीच्या दोन्ही गालांवर बोटं ठेवून तिला दात घट्ट दाबायला सांगितलं आणि मान हलवली.

"उजवा गाल टणक लागतो, डावा मऊ. दात सरळ झाले, पण चावायच्या स्नायूंना अजून ते ठाऊक नाही. त्यांचं जुनंच चाललंय. दोन्हीकडून चावायची सवय लागली की हळूहळू सारखे होतील. तोवर जपायचं. जबडा परत तिकडे ओढला जायला नको. जरा कडक खायला देत जा."

सोलापुरात हे औषध शोधायला लागत नाही. गोजाबाईला रोजच्यापेक्षा जास्त भाकऱ्या सांगितल्या गेल्या आणि चावायला शिकवायचं काम इंद्रायणीने आपल्याकडे घेतलं. अक्षर हवेत गिरवून दाखवायचं, कवायत पुढे उभं राहून करून दाखवायची, अशी तिची शिकवायची रीत. माझ्याकडे बघा आणि करा. तीच तिने इथं लावली.

"माझ्याकडे बघ. एक घास इकडे, एक घास तिकडे. सावकाश. बघ मी कशी चावते."

श्रावणी डोळे मोठे करून बघायची आणि तस्सं करायची. गुणी पोर. घरात एकालाही यात काही वावगं दिसलं नाही, आणि इंद्रायणीला तर दिसणारच नव्हतं. वैरागच्या त्या निरोपानंतर तिने स्वतःला जेवताना कधी आरशात बघितलं नव्हतं. आपण घास डावीकडे घेतला की डावीकडेच चावतो अशी तिची प्रामाणिक समजूत होती. जबडा आपल्या जुन्या वळणानेच जात होता, आधी उजवीकडे झुकायचा, गोल फिरायचा, मग मिटायचा. पोर नेमकं ते वळण उचलत होती.

संक्रांतीची गड्ड्याची यात्रा संपली त्या सुमारास सगळे परत दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी श्रावणीला घरून आणलेला भाकरीचा तुकडा चावायला लावला, मोबाईलवर चित्रण केलं आणि ते संथ करून दाखवलं. पडद्यावर तिची हनुवटी खाली आली, बाजूला गेली, गिरकी घेऊन परत आली.

"आता दातांचा काही अडथळा नाही," डॉक्टर म्हणाले. "मग अशी का फिरवते ही? श्रावणी, असं चावायला कुणी शिकवलं?"

"आत्यानं," श्रावणी अभिमानाने म्हणाली. "आत्या अशी चावते."

आणि तिने करून दाखवलं. मान किंचित कलती केली, एक खांदा वर ओढला, ओठ दाबले आणि जबडा फिरवला. अगदी हुबेहूब. डॉक्टरांच्या हाताखालची मुलगी फिस्कन हसली आणि तिने पटकन तोंडावर हात धरला. अवधूतने खिशातून फोन काढून त्यात डोकं घातलं. इंद्रायणी पोरीच्या तोंडाकडे बघत राहिली. वैरागच्या लोकांना काय दिसलं होतं ते तिला आज दिसलं, आणि ते खोटं बोलले नव्हते हेही कळलं.

डॉक्टर सावरून घ्यायला बघत होते. "नकलेनेच झालंय असं नाही हं. जुनी सवय असतेच. जेवताना समोर आरसा ठेवा, तिचं तिला दिसेल." एवढंच म्हणाले ते. आत्याचं नावही त्यांनी घेतलं नाही. पण घरी आल्यावर रुद्राणी पाण्याचा पेला हातात देता देता म्हणाली, "ताई, राग मानू नका. थोडे दिवस तुम्ही तिच्यासमोर नका बसू जेवायला."

"थोडेच दिवस, ताई," अवधूत दारातून म्हणाला.

राग कसला मानायचा? डोंगरासारखा राग होता, पण तो ठेवायचा कुणावर? दाताचा हट्ट तिचा, किल्ली तिची, शिकवणी तिची. "बरोबर आहे," ती म्हणाली. आरसाही तिच्याच खोलीतला निघाला, घरात त्या मापाचा दुसरा नव्हता. जिथं तिचं ताट असायचं तिथं तो भिंतीला टेकवून उभा केला.

वर्ष तसं गेलं. श्रावणी आरशासमोर जेवायची, रुद्राणी मागे बसून सांगायची, सरळ, सरळ. इंद्रायणी आपल्या खोलीत वह्या तपासत बसायची आणि भाकरीचा आवाज ऐकायची. ताट झालं की आरसा पुसायची आणि मग स्वतःचं वाढून घ्यायची.

"दोन ताटं असायची की वो हितं," एकदा भाकऱ्या ठेवता ठेवता गोजाबाई म्हणाली. "आरसा कशाला मांडलाय?"

"पोरीला नीट चावायला शिकवतोय."

"आन् तुमी कुटं जेवता?"

"मागनं."

"लई उशीर व्हतंय की मग. पोरगी इचारत न्हाय व्हय, आत्या कुटं हाय म्हणून?"

सुरुवातीला विचारायची. हल्ली विचारत नव्हती. इंद्रायणीने गोजाबाईला चहा विचारला.

पुढच्या जानेवारीत, संक्रांत तोंडावर आली असताना डॉक्टरांनी परत बोटं ठेवून बघितलं, चित्रण केलं. जबडा सरळ खाली आला, सरळ वर गेला. घास कधी या गालात, कधी त्या. "दोन्ही गाल अगदी सारखे," ते खुशीत म्हणाले. "स्नायू शिकले एकदाचे. आता आरसाबिरसा नको, कुणाबरोबरही जेवू दे."

इंद्रायणी मागच्या खुर्चीवर होती. कुणाबरोबरही, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं. वर्षभर ती ज्या शब्दांची वाट बघत होती ते हेच होते. घरी येईपर्यंत तिने ते मनात कितीदा म्हटले असतील.

भोगीच्या दिवशी ती पहाटेच उठली. बाजरीच्या भाकऱ्या गोजाबाईला सांगितल्या नाहीत, स्वतः थापल्या, वरून तीळ लावून तव्यावर कडक करून घेतल्या. वांगी, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे, पावटे घालून भाजी केली, रसा मुद्दाम दाट ठेवला. मग आरसा उचलून आपल्या खोलीतल्या खिळ्याला लावला आणि त्याच्या जागी आपलं ताट मांडलं. समोर श्रावणीचं. सणाचं म्हणून अवधूत-रुद्राणीही आज आतच बसणार होते. इंद्रायणीने साडी बदलली आणि सगळ्यांच्या आधी येऊन बसली. त्या घरात ती पहिल्या पंगतीला बसल्याचं रुद्राणीने लग्न होऊन आल्यापासून कधी पाहिलं नव्हतं. ती वाढता वाढता क्षणभर थांबली आणि परत वाढायला लागली.

श्रावणी हात धुऊन आली आणि दारातच थबकली.

"आत्या, तू बसणार?"

"हो. डॉक्टर म्हणाले ना, आता कुणाबरोबरही चालतं."

"आरसा कुठाय?"

"काढला. आता कशाला लागतोय तो? ये, पैज लावू. कुणाची जास्त मोठ्याने मोडते?"

श्रावणी बसली. इंद्रायणीने भाकरीचा तुकडा मोडला, लोणी लावलं आणि तोंडात घातला. पोरीने एकदाच तिच्या तोंडाकडे बघितलं आणि घाबरून डोळे गच्च मिटले. मग डोळे मिटूनच, त्याच घोकलेल्या सुरात, एकेक शब्द सुटा करत म्हणाली,

"मला आत्यासारखं व्हायचं नाही."

"श्रावणी!" रुद्राणी ओरडली.

त्यापुढे ती काहीच बोलली नाही. आत्याला असं म्हणतात का, माफी माग, असलं काहीतरी येईल म्हणून इंद्रायणी वाट बघत होती. रुद्राणी पळी हातात धरून उभी राहिली. अवधूत भाजीतलं वांगं बाजूला सारत होता. तुम्ही बसा ताई, असं दोघांपैकी एकाच्याही तोंडून निघालं नाही, आणि ते निघणार नाही हे तिच्या लक्षात आलं.

तोंडातला घास तिने तसाच, न चावता, पाण्याबरोबर उतरवला.

"ओरडू नकोस तिला," ती म्हणाली. "काही चुकीचं बोलली नाही. उघड डोळे, बाळा. मी उठले."

ती खोलीत गेली, खिळ्यावरचा आरसा काढला, आणून आपल्या जागेवर भिंतीला टेकवला आणि पदराने पुसला. मग आपलं ताट उचलून मागच्या पडवीत, धुण्याच्या दगडाशी जाऊन बसली. दारातून श्रावणी दिसत होती. आरशात बघून ती जेवत होती. हनुवटी सरळ खाली, सरळ वर. देखणी दिसत होती पोर. एवढंच तर हवं होतं, आणि ते मिळालं होतं. तरी इंद्रायणीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते तिने पुसलंही नाही, बघायला होतंच कोण.

ताटातली भाकरी कडक होती. चावली असती तर आवाज आत गेला असता. इंद्रायणीने ती बारीक मोडली, वर भाजीचा रसा ओतला आणि ती मऊ व्हायची वाट बघत बसली. आतून श्रावणीचा आवाज येत होता, एक घास इकडे, एक घास तिकडे, सावकाश.